गाभ्याची राखण

खानदेशांतील धाब्याचीं घरें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस हें सांगावयास नको कीं, मृगापूर्वीं धाब्यावर खारी माती घातली नाहीं तर पहिल्याच मोठ्या पावसांत माजघरांत जागोजाग भांडीं मांडण्याची पाळी येते. घर बांधणाऱ्या पूर्वजाचें नांव घरांतील लहानथोरांस ठाऊक असतें. परंतु पुढें पन्नास वर्षें ज्यांनीं दरसाल माती घातली, त्यांचीं नांवें कोणी सांगत नाहीं. आज आम्ही वाचकांपुढें जो विषय मांडीत आहों, तो दिसण्यांत अगदीं नवा असला तरी मुळांत याच जातीचा आहे. संगणकाच्या अंतर्यामीं असलेल्या गाभ्याची राखण कोण करतो, कशी करतो, आणि त्याच्याशीं आपल्या घराचा संबंध काय, हा तो विषय होय.

बालकवी ठोमरे यांचें जन्मगांव म्हणून मराठी वाचकांस परिचित असलेलें धरणगांव घ्या. सुरत–भुसावळ लोहमार्गावरील या कापसाच्या गांवीं आज घरोघरीं मोबाइल फोन आहेत. बँकेचा हिशेब, रेल्वेचें तिकीट, मुलांच्या परीक्षेचा निकाल, परगांवीं असलेल्या मुलीची ख्यालीखुशाली, सारें त्यावरच. यांतील बहुतेक फोन अँड्रॉइड जातीचे असतात, आणि अँड्रॉइडच्या पोटांत लिनक्स नांवाचा गाभा असतो. जगांतील सर्वांत वेगवान अशा ५०० संगणकांची जी यादी वर्षांतून दोनदां प्रसिद्ध होते, तींतील झाडून सारे संगणक इ. स. २०१७ च्या नोव्हेंबरपासून याच गाभ्यावर चालत आहेत. गरिबाचा फोन आणि शास्त्रज्ञाचें महायंत्र यांचा गाभा एकच, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

गाभा म्हणजे काय? मोठ्या एकत्र कुटुंबांत कोठीच्या किल्ल्या एकीच्याच कमरेला असतात. कोणास किती धान्य द्यावयाचें, कोणतें कपाट कोणी उघडावयाचें, हें तीच ठरविते. संगणकांत अनेक कार्यक्रम एकाच वेळीं चालू असतात. त्यांस स्मरणाची जागा, गणनयंत्राचा वेळ, साठवणींतील कागदपत्रें हीं कोणी, किती व केव्हां वापरावीं, हा सारा कारभार गाभा पाहतो. म्हणूनच गाभ्यांत छिद्र राहिलें तर तें कमरेच्या किल्ल्यांचा जुडगा चोरास सांपडण्यासारखेंच होय.

हा गाभा लिनस टोर्व्हाल्ड्स या हेलसिंकीच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें इ. स. १९९१ मध्यें लिहावयास घेतला व सर्वांस खुला करून दिला. आज हजारों माणसें त्यांत भर घालतात. सुमारें नऊ-दहा आठवड्यांनीं नवी आवृत्ति निघते आणि तींत दहा हजारांहून अधिक बदल असतात. परंतु इस्पितळ, बँक किंवा शाळा यांस दर दोन महिन्यांनीं नवें घर नको असतें. त्यांस आहे तेंच घर न गळणारें हवें असतें. याकरितां इ. स. २००५ च्या मार्चमध्यें ग्रेग क्रोआ-हार्टमन व ख्रिस राइट यांनीं ‘स्थिर’ शाखेची प्रथा सुरू केली. नवीं सोयीसुविधांचीं कामें मुख्य आवृत्तींत. स्थिर शाखेंत केवळ दुरुस्त्या. तिचे नियम एखाद्या कर्तव्यदक्ष गृहिणीनें केलेले वाटावेत इतके साधे आहेत. दुरुस्ती आधीं मुख्य आवृत्तींत आलेली असली पाहिजे. ती उघडपणें बरोबर व पारखलेली असावी. आजूबाजूच्या ओळी धरून शंभर ओळींहून मोठी नसावी. आणि तिनें खराखुरा दोष दूर करावा, कल्पनेंतला नव्हे. कांहीं निवडक आवृत्त्यांची राखण अनेक वर्षें चालते; त्यांस दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या म्हणतात.

तथापि तेथून निघालेला गाभा आपल्या यंत्रांत आपोआप येऊन बसत नाहीं. मध्यें आणखी एक हात असतो, तो पॅकेज सांभाळणाराचा. इ. स. १९९३ मध्यें आरंभ झालेल्या डेबियन या स्वयंसेवकांच्या मंडळाचें उदाहरण घेऊं. तेथील मंडळी मूळ गाभा घेतात, त्यावर आपलीं आवश्यक ठिगळें चढवितात, कोणकोणत्या यंत्रांस आधार द्यावयाचा तें ठरवितात, निरनिराळ्या जातींच्या यंत्रांसाठीं तो सिद्ध करतात, पारखतात आणि खात्रीची मोहोर उठवून पाठवितात. इ. स. २०२३ च्या जूनमध्यें निघालेल्या डेबियनच्या बाराव्या आवृत्तींत ६.१ क्रमांकाचा गाभा होता, इ. स. २०२५ च्या ऑगस्टांत निघालेल्या तेराव्या आवृत्तींत ६.१२ क्रमांकाचा आहे. पुण्यास मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेनें सिद्ध केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही डेबियनच्याच पायावर उभारलेली आहे. म्हणजे परदेशांत बुजविलेलें छिद्र आपल्याकडील एखाद्या कचेरींत बुजतें, तें अशा चार हातांतून गेल्यावर.

आमच्या वाचकांस ही पद्धत सर्वस्वीं परकी वाटूं नये. पंचांगाचें गणित आकाशाशीं जुळेनासें झालें म्हणजे आपले ज्योतिषी मूळ ग्रंथ फेकून देत नसत. त्यास बीजसंस्कार देत. चाळीसगांवाजवळील पाटण येथें इ. स. १२०७ च्या सुमाराचा जो शिलालेख आहे, त्यांत भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिल्याची व निकुंभ घराण्यांतील सोइदेवानें त्यास नेमणूक दिल्याची नोंद आहे. ग्रंथ रचणारा एक असतो, पण तो उपयोगी राखण्यास मठ लागतो, शिष्य लागतात आणि नेमणूकही लागते, हें खानदेशानें आठशें वर्षांपूर्वींच ओळखलें होतें.

राखणीचें मोल कळण्यास एक-दोन प्रसंग पाहूं. इ. स. २०१६ च्या ऑक्टोबरांत ‘डर्टी काऊ’ नांवाचा दोष उघडकीस आला. जी वही केवळ वाचण्याची परवानगी आहे, तींत सामान्य माणसास त्यामुळें लिहितां येई आणि साऱ्या यंत्राची मालकी मिळवितां येई. हें छिद्र इ. स. २००७ पासून उघडें होतें. त्याहूनही पूर्वीं स्वतः टोर्व्हाल्ड्स यांनीं तें बुजविण्याचा प्रयत्न केला होता. परंतु दुसऱ्या एका जातीच्या यंत्रावर त्यामुळें अडचण आल्यानें ती दुरुस्ती मागें घ्यावी लागली होती.

दुसरा प्रसंग इ. स. २०२२ चा. मॅक्स केलरमन या जर्मन अभियंत्याकडे एका ग्राहकाच्या नोंदवह्या बिघडल्याची तक्रार वर्षभरापूर्वीं आली होती. अशाच तक्रारी पुनःपुन्हां आल्या, तेव्हां त्यानें चिकाटीनें मुळाचा शोध घेतला, आणि दोष गाभ्यांतच निघाला. २० फेब्रुवारीस त्यानें तो कळविला. २३ तारखेस स्थिर शाखांत दुरुस्ती आली. ७ मार्चला जगास ती हकीगत कळली. दुरुस्ती अवघी दोन ओळींची होती!

परंतु ठिगळ लावणें म्हणजे नेहमीं कल्याणच, असेंही नाहीं. इ. स. २०२३ च्या नोव्हेंबरांत ६.१.६४ या स्थिर आवृत्तींत साठवणीसंबंधीं एक दुरुस्ती आली. मुख्य आवृत्तींत ती योग्यच होती. मात्र ती ज्या दुसऱ्या एका बदलावर विसंबून होती, तो बदल ६.१ मध्यें नव्हताच. नव्या कापडास शोभणारें ठिगळ जुन्या कापडास लावावें आणि तेथेंच कापड फाटावें, तसें झालें. लिहिलेली माहिती बिघडण्याचा धोका निर्माण झाला. डेबियनची १२.३ ही आवृत्ति ९ डिसेंबरास निघावयाची होती. ती थांबविण्यांत आली, लोकांस सावध करण्यांत आलें, आणि दुसऱ्याच दिवशीं सुधारलेली १२.४ बाहेर पडली. ज्यांस याचें वेतन मिळत नाहीं अशी माणसें आपला सुटीचा दिवस अशा कामीं घालवितात, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

“चालतें आहे, मग हात कशाला लावा?” असें पुष्कळ वडीलधारी मंडळी म्हणतात. वरील प्रसंग पाहतां त्यांची शंका अगदींच निराधार नाहीं. पण तिचें उत्तर दुरुस्ती टाळणें हें नव्हे, तर दुरुस्ती सावधपणें घेणें हें आहे. फोनवर दुरुस्तीची सूचना आली म्हणजे प्रथम छायाचित्रें व हिशेब यांची नक्कल अन्यत्र ठेवावी, मग दुरुस्ती घ्यावी. महिनोन्‌महिने लांबवूं नये. लिनक्सच्या संगणकांत बहुधा मागील गाभा जपून ठेविलेला असतो. नवा अडला तर आरंभींच्या यादींतून जुना निवडून काम चालवितां येतें. फोनची गोष्ट निराळी. तेथें दुरुस्ती कारखानदारानें पाठविली तरच येते. म्हणून फोन घेतांना किंमतीबरोबरच दुरुस्त्या किती वर्षें मिळणार हेंही दुकानदारास विचारावें, आणि ज्यास त्या मिळेनाशा झाल्या असा फोन आजोबांच्या बँकेच्या व्यवहारासाठीं देऊं नये. आपल्या घरीं नेमकें उलट घडतें. सर्वांत जुना फोन वडिलांच्या हातीं येतो, आणि निवृत्तिवेतनाचा सारा व्यवहार त्याच फोनवर!

एक गोष्ट राहिली. या कामास माणसें अपुरीं पडतात. गाभ्याच्या दीर्घ आवृत्त्यांची राखण सहा वर्षांवरून दोन वर्षांवर आणण्याचें इ. स. २०२३ मध्यें जाहीर झालें, त्याच्या मुळाशीं सांभाळणाऱ्यांवर पडणारा भार हें एक कारण होतेंच. हात मिळाले तर मुदत वाढवितां येते. प्रत्येक स्थिर आवृत्ति निघण्यापूर्वीं तिच्या दुरुस्त्या बहुधा दोन दिवस सर्वांपुढें ठेवितात, आणि कोणीही त्या आपल्या यंत्रावर पारखून पाहूं शकतो. त्यास पदवी लागत नाहीं, परदेशगमन लागत नाहीं. इंग्रजी वाचण्याची संवय, एक जुना संगणक आणि चिकाटी एवढें पुरतें. आमच्या घरांतून अभियंते पुष्कळ निघतात, आणि सर्वांस नवें कांहीं बांधावयाचें असतें. त्यांतील एखाद्या मुलीनें वा मुलानें धरणगांवीं बसून, परीक्षेनंतरच्या सुटींत ती पारख करून “येथें चालतें” किंवा “येथें अडतें” एवढें जरी नेमानें कळविलें, तरी तें काम लहान समजूं नये, आणि घरच्यांनीं “यांतून मिळतें काय?” असें त्यास विचारूं नये.