वरवंडचा मुक्काम आणि मंडळाचे नवे दार

ज्येष्ठ वद्य सप्तमीला श्रीक्षेत्र देहूहून प्रस्थान ठेवणारी जगद्गुरू तुकोबारायांची पालखी आकुर्डी, पुणे, लोणी काळभोर असे मुक्काम करीत यवतला येते आणि दुसऱ्या दिवशी चौफुला मागे टाकून वरवंडला विसावते. पुणे-सोलापूर रस्त्यावरील, दौंड तालुक्यातील हे गाव त्या एका रात्रीपुरते पंढरीच्या वाटेवरील एक नगरच होऊन जाते. उजाडताच पालखी पाटसकडे निघते, रोटीचा घाट चढते आणि उंडवडी गवळ्याची हे पुढचे मुक्कामाचे गाव जवळ करते. एवढ्या थोड्या अवधीत गावाला जे आतिथ्य करावयाचे असते, त्याचा भार ग्रामपंचायतीइतकाच गावोगावच्या तरुण मंडळांवर पडतो. अशा मंडळांनी समाजमाध्यमावर आपले पान उघडावे काय, आणि उघडल्यास ते कसे असावे, याचा विचार आषाढी वारीच्या निमित्ताने करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

तुकोबांचे सुपुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळ्याची प्रथा सुरू केली. तेव्हापासून या सोहळ्याला जी शिस्त लाभली, तिचे मर्म दिंडीत आहे. रथापुढील अमुक क्रमांकाची किंवा रथामागील तमुक क्रमांकाची दिंडी, हाच वारकऱ्याचा वाटेवरील पत्ता होय. मुक्कामाच्या गावी कोणती दिंडी कोणाच्या वाड्यात, कोणती शाळेच्या पटांगणात, कोणती कोणाच्या शेतात उतरावयाची, हे बहुधा ठरलेले असते. कित्येक घरांशी दिंड्यांचा हा ऋणानुबंध पिढ्यान्‌पिढ्यांचा असतो. परंतु ही सारी माहिती जाणत्या माणसांच्या स्मरणात राहते. अंधार पडल्यावर आपल्या दिंडीपासून चुकलेल्या एखाद्या वृद्ध माउलीला ती उपयोगी पडावी, तर कोणीतरी जाणता नेमका तेथे भेटावा लागतो. इकडे मराठवाड्यातील एखाद्या खेड्यात तिचा मुलगा फोन लागत नाही म्हणून कासावीस झालेला असतो. मंडळाच्या पानाची खरी गरज आहे ती या दोघांना.

वारी आणि समाजमाध्यम यांची गाठ नवी नाही. देहूतील काही तरुणांनी २०११ मध्ये ‘फेसबुक दिंडी’ सुरू केली आणि ज्यांना पायी चालणे शक्य नाही अशांना तुकोबांच्या पालखीची वाटचाल घरबसल्या दाखविली. पुढे त्यांनी नेत्रदानासारख्या विषयाचा प्रचारही याच मार्गाने केला. नंतर २०२० आणि २०२१ या दोन वर्षी कोरोनाच्या साथीमुळे पायी वारी होऊ शकली नाही आणि संतांच्या पादुका एस. टी. बसने पंढरीस न्याव्या लागल्या. त्या काळात असंख्य भाविकांना दर्शन घडले ते हातातील मोबाईलच्या पडद्यावरच. म्हणजे हे साधन भक्तीला परके आहे, असे आता म्हणता यावयाचे नाही. प्रश्न आहे तो मुक्कामाच्या गावाने त्याचा विनियोग सेवेसाठी कसा करावा, हा.

फेसबुकचा जन्म २००४ चा. संस्था-मंडळांसाठी स्वतंत्र पानाची सोय त्यावर २००७ च्या अखेरीस झाली. व्यक्तीचे खाते आणि संस्थेचे पान यांतील भेद कार्यकर्त्यांनी प्रथम ध्यानात घ्यावा. अध्यक्ष बदलतात, उत्साही तरुण नोकरीसाठी चाकण-रांजणगावला जातात. त्यांच्याबरोबर त्यांचे खातेही जाते. पान मात्र मंडळाचे राहते. तथापि ते चालविण्याचा पूर्ण अधिकार एकाच्याच हाती ठेवला, तर तेही त्याच्या फोनबरोबर हरवते. देवळाच्या किल्ल्या जशा एकाच घरी ठेवीत नाहीत, तसा हा अधिकार निदान दोन-तीन विश्वासू व्यक्तींकडे असावा, त्यांनी आपापल्या खात्यांना दुहेरी पडताळणी लावावी आणि त्यांची नावे मंडळाच्या इतिवृत्तात नोंदवावीत.

पानाचे नाव मंडळाच्या फलकावर असेल तेच, आणि त्यात गावाचे व तालुक्याचे नाव असावे. एकाच नावाची मंडळे गावोगाव असतात, ‘वरवंड, ता. दौंड’ एवढे शब्द जोडल्याने परगावच्या माणसाचा घोटाळा टळतो.

यानंतर येतात ती चित्रे. पानावर दोन चित्रांना कायमची जागा असते. एक छोटे, ओळख पटविणारे. ते चौकोनी दिले तरी गोलाकार दिसते. त्यामुळे कोपऱ्यांतील अक्षरे हमखास कापली जातात. येथे मंडळाचे बोधचिन्ह ठळकपणे मध्यभागी ठेवावे. दुसरे मोठे, माथ्यावरचे. हे संगणकावर ८५१ बिंदू रुंद आणि ३१५ बिंदू उंच, तर मोबाईलवर ६४० बिंदू रुंद आणि ३६० बिंदू उंच असे दिसते. मोबाईलवर त्याच्या दोन्ही बाजू छाटल्या जातात, आणि गावातील बहुतेक मंडळी तर ते मोबाईलवरच पाहणार! म्हणून महत्त्वाचा मजकूर मध्यावर घ्यावा आणि चित्र प्रसिद्ध केल्यावर दोन्हीकडे पाहून खात्री करावी.

पण मापापेक्षा महत्त्वाचा आहे तो विवेक. चौकाचौकांत लागणाऱ्या फ्लेक्सची सवय आपल्याला इतकी जडली आहे की, मंडळाचे चित्र म्हटले की नेत्यांच्या आणि कार्यकर्त्यांच्या चेहऱ्यांची रांगच उभी राहते. वारीच्या काळात त्या मोक्याच्या जागी गावाचा साधा नकाशा का असू नये? पालखीतळ कोठे, पिण्याचे पाणी कोठे, दवाखाना व शौचालये कोठे आणि कोणत्या क्रमांकाची दिंडी कोठे उतरली आहे, हे एका दृष्टिक्षेपात कळावे. वाचता न येणाऱ्यासाठी घागर, रुग्णवाहिका अशी चिन्हे काढावीत. अंध व्यक्तीचा फोन चित्राचे वर्णन वाचून दाखवू शकतो. त्यासाठी प्रत्येक चित्राला दोन ओळींचा पर्यायी मजकूर जोडण्याची सोय आहे, तीही वापरावी.

छायाचित्रांविषयी आणखी एक गोष्ट आम्ही स्पष्टपणे मांडू इच्छितो. वारकरी उघड्यावर निजतो, भल्या पहाटे उघड्यावर स्नान करतो, थकून रस्त्याच्या कडेला पाय पसरतो. तो गावाचा पाहुणा आहे. पाहुण्याच्या असहायतेचे प्रदर्शन मांडणे हा आतिथ्यधर्म नव्हे. स्नान करणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे घेऊच नयेत. झोपलेल्या किंवा आजारी माणसाचे चित्र पानावर घालू नये आणि ज्याचा चेहरा स्पष्ट दिसेल त्याला आधी विचारावे. अन्नदान घेणाऱ्या हाताचे चित्र देणाऱ्याच्या नावासह छापले, तर त्या दानातील दान ते काय उरले?

चित्रांखाली असते ते बटण. पानाच्या माथ्यावर अशी बटणे देण्याची सोय २०१४ च्या अखेरीस झाली. फोन करा, संदेश पाठवा, अधिक माहिती घ्या असे त्याचे अनेक प्रकार आहेत. परंतु मंडळाने आपले मुख्य बटण एका वेळी एकच निवडावयाचे असते. वर्षभर ते संदेशाचे असले तरी चालेल. पालखीच्या मुक्कामी मात्र ते फोनचेच असावे, असे आमचे आग्रहाचे मत आहे. रात्री अकरा वाजता घाबरलेला माणूस मजकूर लिहीत बसत नाही. त्याला पलीकडून माणसाचा आवाज ऐकावयाचा असतो.

बटण बसविणे हे दोन मिनिटांचे काम आहे. खरे काम त्या बटणापलीकडे सुरू होते. तो क्रमांक कोणा कार्यकर्त्याचा खाजगी नसावा; मंडळाने स्वतंत्र क्रमांक घ्यावा आणि रात्रभर तो उचलण्यासाठी पाळ्या लावाव्यात. फोन घेणाऱ्याजवळ दिंड्यांची यादी असावी. हरवलेल्याचे नाव विचारण्याबरोबर त्याची दिंडी रथापुढील की रथामागील, आणि क्रमांक कोणता, हे प्रथम विचारावे. रुग्णवाहिकेचा १०८ आणि आपत्कालीन मदतीचा ११२ हे क्रमांक पानावर सर्वांत वर खिळवून ठेवावेत. जे बटण दाबले असता कोणीच उत्तर देत नाही, त्यापेक्षा ते नसलेले बरे. कारण त्याच्या भरवशावर माणूस दुसरा मार्ग शोधावयाचा थांबतो.

पानावर जे सांगावयाचे त्यावर तारीख आणि वेळ घालणेही तितकेच आवश्यक आहे. गेल्या वर्षीचे गर्दीचे चित्र यंदाचे म्हणून फिरू लागले किंवा वाहतूक वळविल्याची जुनी सूचना पुन्हा वर आली की, हजारो पावले चुकीच्या वाटेला लागतात. मंडळाच्या पानावर आहे म्हणजे ते खरेच, असा लौकिक मिळवावा लागतो आणि तो एका अफवेने जातो. पालखी पाटसच्या दिशेने गेल्यावर तळाची स्वच्छता, जमा-खर्च आणि सापडलेल्या वस्तूंची यादी ही तिन्ही त्याच पानावर यावीत.

भक्तीला जाहिरात कशाला हवी, असे कोणी विचारील. हा प्रश्न रास्त आहे आणि जाहिरातीला आमचाही विरोध आहे. परंतु दाराशी दिवा लावणे ही जाहिरात नव्हे. वाटसरूला घर सापडावे एवढाच त्याचा हेतू असतो. वरवंडच्या घरांनी हा दिवा वारकऱ्यांसाठी आजवर तेवत ठेवला आहे. मंडळांतील तरुणांनी त्याची एक वात या नव्या दाराशीही लावावी आणि चुकलेल्या एका तरी माउलीला रात्री तिच्या दिंडीत नेऊन पोहोचवावे. त्या पानाला किती जणांची पसंती मिळाली, याची मोजदाद मग कोणी करणार नाही.