आठवण आखणीतही राहते

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाने सास्तूर परिसर हादरला. त्यानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. अरुंद बोळांच्या गावठाणाऐवजी अनेक ठिकाणी सरळ, रुंद रस्ते आणि सुटी घरं आली. पण गाव म्हणजे केवळ रस्ते आणि घरं नव्हेत; माणूस आणि जागा यांतला भावबंध भूगोलतज्ज्ञ यी-फू तुआन यांनी १९७४ साली ‘टोपोफिलिया’ या ग्रंथात मांडला. हा भावबंध पार, कट्टा, आड अशा रोजच्या भेटीच्या जागांत रुजतो. ‘दगडमातीच्या जाड भिंतींनीच माणसं मारली, मग जुन्याची ओढ कशाला?’ हा आक्षेप रास्त आहे. पण जीव घेतला तो कच्च्या बांधकामाने, पाराने नव्हे. म्हणून भिंत भूकंपरोधक हवी, आणि आखणी ओळखीची.