तट्टाची चंदी आणि देहपरीक्षा

जुन्या दप्तरांत पागेचे हिशेब पुष्कळ आढळतात. त्यांतील घोड्यांचे रंग व किंमती संग्राहक आवडीनें वाचतात. चंदीचा आंकडा मात्र बहुधा तसाच ओलांडला जातो. कोणी तो पाहिलाच तर अनुमान निघतें कीं, ज्या घोड्यास अधिक चंदी त्याचा धनी उदार, आणि ज्या तट्टास कमी त्याची हेळसांड. हें अनुमान कसें फसवें आहे, तें येथें दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शब्दांचा विचार करूं. चंदी म्हणजे घोड्याचा दाणा. वैरण म्हणजे गवत, कडबा, पेंढा. घाईच्या मोडींत काना निसटता असल्यामुळें 'चंदी'ची 'चांदी' होण्यास वेळ लागत नाहीं. पुढें शेर-पायलीचें माप आलें कीं संशय फिटावा. दुसरी अडचण मापाची. शेर वजनी असतो तसा मापीही असतो, आणि तो प्रांतोप्रांतीं निराळा. शिवाय एकाच मापांत मावणारे कुळीथ भातापेक्षां पुष्कळ जड भरतात. म्हणून धान्याचें नांव सोडून नुसता आंकडा उतरून घेणें व्यर्थ होय.

आहार देहाच्या मानानें द्यावा हें तत्त्व जुनेंच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, दुसऱ्या अधिकरणांतील अश्वाध्यक्षाच्या प्रकरणांत, उत्तम अश्वाचा घेर शंभर अंगुळें सांगून मध्यम व अवर अश्वांचा एक पंचमांशानें कमी धरिला आहे. लगेच पुढें उत्तम अश्वास दोन द्रोण धान्य, अर्धें कोरडें व अर्धें शिजलेलें, नेमून मध्यम व अवरांस तें चतुर्थांशानें घटविलें आहे. घेर आणि शिधा यांचीं हीं दोन विधानें एकत्र वाचलीं म्हणजे लहान घोड्याची कमी चंदी ही कंजुषी नसून शास्त्र आहे, हें उघड होतें.

आजचें शास्त्रही हेंच सांगतें. घोड्यास दररोज त्याच्या वजनाच्या सुमारें दीड ते दोन टक्के शुष्क आहार लागतो. चारशें किलोच्या घोड्यास सहा ते आठ किलो, दोनशें किलोच्या तट्टास तीन ते चार, आणि आज हौसेनें पाळल्या जाणाऱ्या शंभर किलोच्या खुज्या घोड्यास दीड ते दोन किलो पुरे. त्यांतही मुख्य भाग वैरणीचा. काम नसल्यास दाणा नाममात्र. भीमथडीचीं तट्टें प्रसिद्ध आहेत तीं थोडक्या चाऱ्यावर दूरचा पल्ला मारण्याबद्दल. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनें इ. स. २०२३-२४ मध्यें भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, हें येथें सांगणें उचित होईल.

कोंकणांत हा प्रश्न अधिक बिकट. देशावरील कडबा येथें नाहीं. भाताचा पेंढा आहे, पण त्यांत सत्त्व थोडें. भाताच्या कोंड्यांत स्फुरद फार व चुना अल्प, त्यामुळें केवळ कोंड्यावर पोसलेल्या जनावराचीं हाडें दुबळीं होतात. मालवणाकडे घरोघर ज्याची पिठी होते तो कुळीथ, म्हणजे संस्कृतांतील कुलत्थ, हा दक्षिणेंत घोड्यांचा मोठा आधार होता. इंग्रजांनीं त्यास 'हॉर्स ग्रॅम' म्हणावें हें साहजिकच. तो शिजवून देण्याची चाल सकारण आहे. कच्च्या कुळथांत प्रथिनांच्या पचनास अडथळा करणारीं द्रव्यें असतात, तीं शिजविल्यानें बहुतांशीं नष्ट होतात.

चिपळुणास छावणी करून राहिलेल्या लष्करास राज्याभिषेकाच्या सुमारास शिवछत्रपतींचें जें पत्र गेलें, तें या दृष्टीनें पुन्हां वाचण्याजोगें आहे. रयतेस उपद्रव देऊं नये, ही त्यांतील ताकीद सर्वांस ठाऊक आहे. परंतु पावसाळ्यासाठीं सांठविलेला दाणा व वैरण आतांच बेपर्वाईनें उडविल्यास भर पावसांत घोडीं उपाशीं मरतील, हाही त्याचा गाभा आहे. रयतेचें रक्षण आणि मोजकी चंदी यांचा संबंध त्यांत स्पष्ट दिसतो.

आतां देहपरीक्षा. चंदी योग्य होती कीं नाहीं याचा साक्षी घोड्याचा देह. इ. स. १९८३ मध्यें हेनेके व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक ते नऊ अंकांची श्रेणी मांडली. एक म्हणजे अतिकृश, पांच मध्यम, नऊ अतिस्थूल. मानेचा वरचा कांठ, मानेच्या मुळाशीं पाठीचा उंचवटा, खांद्यामागील भाग, बरगड्या, कंबर व शेपटीचें मूळ हीं सहा स्थानें पाहून अंक ठरवितात. बरगड्या दिसूं नयेत, पण हातास सहज लागाव्यात, ही मध्यम देहाची खूण. खुज्या घोड्याचे केस दाट असल्यानें तेथें डोळ्यापेक्षां हात खरा. पोटावरून तर निर्णय करूंच नये. निकस पेंढा व जंत यांनीं पोट सुटतें आणि बरगड्या मात्र उघड्या पडतात. चरकानें अतिकृश व अतिस्थूल या दोहोंस निंद्य ठरविलें तें माणसाविषयीं. तट्टासही तें लागू पडतें.

एक इशारा मात्र द्यावयास हवा. स्थूल तट्टास एकाएकी उपाशीं ठेवूं नये. लंघन माणसास मानवेल; तट्टाच्या अंगांतील चरबी उपवासानें रक्तांत उतरून यकृत निकामी होतें व जनावर दगावतें. उलट दाणा अति झाल्यास खुरांत दाह होऊन तें कायमचें लंगडें होतें. म्हणून घट असो वा वाढ, ती हळूहळू करावी.

सारांश, पागेचा कागद हातीं आल्यास चंदीच्या आंकड्याबरोबर जनावराची उंची, घोडा कीं घोडी, काम, महिना, धान्य व माप हीं सर्व उतरून घ्यावींत. तट्टाच्या पोटाचें माप ठाऊक नसतां त्याच्या धन्याच्या मनाचें माप काढणें न्याय्य नव्हे.