कॉर्ड बदलली की तबला का बिघडतो?

ऑर्केस्ट्रातला कीबोर्डवाला डाव्या हाताने कॉर्ड धरतो आणि अख्खा ताफा वाजू लागतो. अरेंजर कीबोर्डवरच्या या साथीला ‘स्टाइल’ म्हणतात. भारतासाठीच्या मॉडेलांत काही देशी ताल येतात, पण आपल्या मंडळाचा भजनी ठेका हवा तर तो स्वतःच बसवावा लागतो. नवख्यांची गाडी अडते ती इथेच.

यामाहाच्या स्टाइलमध्ये ८ चॅनेल: २ तालाचे, बाकी बेस, कॉर्ड, पॅड, फ्रेजचे. बेसची ओळ एकदाच, शक्यतो ‘सी मेजर सेव्हन’ धरून रेकॉर्ड करायची; कॉर्ड बदलली की यंत्र तिचे सूर आपोआप सरकवतं. तालाच्या किटमध्ये मात्र पट्टीगणिक वेगळा बोल असतो. तबला चुकून कॉर्डच्या चॅनेलवर टाकला, तर तोही सरकतो आणि ‘ना’च्या जागी भलताच आवाज येतो! म्हणून ठेका तालाच्याच चॅनेलवर ठेवावा. तिथे जागा नसेल तर दुसऱ्या चॅनेलला ‘रूट फिक्स्ड’ आणि ‘बायपास’ लावावं.

भजनी ठेक्याच्या ८ मात्रा ४/४ च्या दोन बारमध्ये बसतात. रूपकाला मीटरच ७ चं हवं. आणि फिल एकाच बारचा असतो. तिहाई तेवढ्यात आटोपली नाही, तर सम हुकलीच म्हणून समजा.