भात, चपाती, बटाटा: पदार्थ तीन, गट एकच

सकाळी चहा-बिस्किटे, दुपारी चपाती आणि बटाट्याची भाजी, रात्री भात आणि आमटी. असंख्य घरांमधला हा नेहमीचा दिवस. पोट भरते, उपाशी कोणी राहत नाही. पण आहारातली विविधता मोजण्याची जी पद्धत संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना वापरते, तिच्या हिशेबाने या दिवसाला गुण मिळतात फक्त दोन. चपाती, भात आणि बटाटा हे तिन्ही एकाच गटात जमा होतात, दुसरा गट आमटीतल्या डाळीचा. बिस्किटे गोड पदार्थांत जातात, त्यांना गुण नाही. चहातले दूध नावापुरते, तेही धरत नाहीत.

या मोजणीत एकूण दहा गट आहेत: धान्ये व कंदमुळे, डाळी-कडधान्ये, तेलबिया व सुकामेवा, दूधदुभते, मांस-मासे, अंडी, हिरव्या पालेभाज्या, भोपळा-गाजर-आंबा-पपई अशा पिवळ्या-केशरी भाज्या व फळे, इतर भाज्या आणि इतर फळे. चोवीस तासांत त्यांपैकी निदान पाच गट पोटात जायला हवेत. पदार्थ पंधरा ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो मोजायचा नाही, म्हणजे भाजीवर भुरभुरलेली कोथिंबीर पालेभाजीत धरता येत नाही. ही पद्धत १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांच्या सर्वेक्षणासाठी बनवलेली आहे, एकेका व्यक्तीच्या निदानासाठी नाही. तरीही घरच्या ताटाचा अंदाज यायला ती पुरेशी बोलकी आहे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या याच वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. आधीच्या सर्वेक्षणात हा आकडा ४८ टक्के होता. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये तो ६८.९ टक्के आहे. रक्तक्षयाला कारणे अनेक: जंत, पाळीतला जास्तीचा रक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणे, सिकलसेलसारखे आनुवंशिक आजार. पण मोठा वाटा आहाराचा आहे. लोहाच्या गोळ्या दिल्या की हिमोग्लोबिन चढते. गोळ्या थांबल्या आणि ताट तेच राहिले, की ते पुन्हा उतरणीला लागते. गोळी आवश्यकच आहे, ती कोणी बंद करू नये. मात्र ताटाचे काम गोळीवर कायमचे ढकलता येत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार शंभर ग्रॅम पॉलिश केलेल्या तांदळात लोह एक मिलिग्रॅमही नसते, बाजरीत ते सहा मिलिग्रॅमच्या वर असते. तेवढ्याच तांदळात कॅल्शियम सात-आठ मिलिग्रॅम, तर नाचणीत ३६४. हे आकडे पाहिले की भाकरीचे कौतुक वाटणे साहजिक आहे. पण धान्यातले आणि भाज्यांतले लोह शरीर सहजासहजी घेत नाही. धान्यातले फायटेट ते धरून ठेवते, जेवणाबरोबरचा चहा त्यात आणखी अडथळा आणतो. उलट लिंबू, आवळा, पेरू यांतले क जीवनसत्त्व ते सोडवून देते, आणि मासळी-मटणाचा लहानसा वाटाही शोषण वाढवतो. कडधान्ये भिजवून मोड आणले किंवा पीठ आंबवले की फायटेट कमी होते. म्हणजे बाजरीतले लोह अंगी लागायचे तर सोबत लिंबाची फोड आणि मोडाची उसळ हवी. एकटे धान्य, मग ते कितीही गुणी असो, फार काही करू शकत नाही. बाजारात सध्या जोरात असलेली नाचणीची बिस्किटे तर बरीचशी साखर, तूप आणि मैदाच असतात; पाकिटाच्या मागची घटकांची यादी वाचली की कळते.

हे वेगवेगळे गट पूर्वी एकाच रानातून घरात येत. बाजरीत मटकी आणि हुलगा, खरिपाच्या ज्वारीत तुरीच्या ओळी, रब्बीच्या ज्वारीत करडई, बांधावर अंबाडी किंवा तीळ. तुरीच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणत, आणि एक पीक बुडाले तर दुसरे हाती लागे. ताटातही हीच जोडी उपयोगी पडे. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यातून मिळते. भाकरी-वरण किंवा वरण-भात खाणाऱ्याला हे माहीत असण्याची गरज नव्हती.

मराठवाडा-विदर्भात खरिपाच्या ज्वारीची जागा आता बहुतांशी सोयाबीनने घेतली आहे. राज्यात सोयाबीन चाळीस लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर आहे. त्याबद्दल शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्वारीला पाखरे लागतात, काढणीला माणसे मिळत नाहीत, भिजली तर दाणा काळा पडतो आणि भाव कोसळतो. सोयाबीन तीन-चार महिन्यांत निघते आणि रोख पैसे देते. पण ते पिकवणाऱ्याच्या घरात ते शिजत नाही. तेल गिरणीकडे जाते, पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते, आणि शेतकऱ्याच्या घरी दुकानातून धान्य येते.

दुसरा बदल त्याहून कमी बोलला जातो. तांदुळजा, घोळ, पाथरी या भाज्या कोणी पेरत नसे. त्या रानात आपोआप उगवत आणि खुरपणीला गेलेल्या बाया ओच्यात भरून घरी आणत. मजुरी महागली, तणनाशक आले आणि खुरपणी गेली. तणाबरोबर गरिबाघरचा पालेभाजीचा अख्खा गट गेला, तोही फुकटात मिळणारा.

रेशनने भूक हटवली, हे निर्विवाद आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातल्या कुटुंबांना दरमहा माणशी पाच किलो धान्याचा हक्क दिला. कायद्यात तांदूळ आणि गव्हाबरोबर भरड धान्येही आहेत. प्रत्यक्षात दुकानात मुख्यतः तांदूळ आणि गहूच येतात. शेजारच्या कर्नाटकाने दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत नाचणी आणि उत्तरेकडे ज्वारी रेशनवर दिली; ओडिशाने आदिवासी भागात नाचणीची हमीभावाने खरेदी करून तीच पुढे रेशनवर वाटली. खरेदीची हमी असेल तर शेतकरी ज्वारी-नाचणीकडे वळू शकतो, हे त्यातून दिसते. तरीही दहा गटांपैकी हा एकच गट आहे. डाळ, तेलबिया, अंडी यांचा प्रश्न उरतोच.

मग सेंद्रिय अन्नाचे काय? शहरात आरोग्याची चर्चा बहुधा याच शब्दापाशी अडते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१२ मधील मोठ्या आढाव्यात सेंद्रिय आणि साध्या अन्नाच्या पोषणमूल्यात लक्षणीय फरक आढळला नाही. कीडनाशकांचे अंश मात्र सेंद्रियमध्ये कमी होते. २०१४ च्या एका युरोपीय आढाव्यात सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट काहीसे जास्त आणि कॅडमियम कमी दिसले. दुप्पट भावाच्या सेंद्रिय गव्हाने ताटातला गट वाढत नाही. त्याच पैशांत साधी मेथी, दोन अंडी आणि पेरू आले तर तीन गट वाढतात. महिन्याचे बजेट तुटपुंजे असलेल्या घराला हाच सल्ला द्यायला हवा.

विषमुक्त शेतीची सर्वाधिक गरज खाणाऱ्यापेक्षा फवारणाऱ्याला आहे. २०१७ च्या पावसाळ्यात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधे श्वासातून आणि घामेजल्या कातडीतूनही शरीरात जातात. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, तोंडाला फेस येतो, श्वास कोंडतो. वेळेत ॲट्रोपिन मिळाले तर माणूस वाचू शकतो. फवारणी निम्म्यावर आली तरी तो मोठा आरोग्यलाभ ठरेल, त्यासाठी लेबलाची वाट पाहण्याचे कारण नाही. मात्र हुकूम काढून एका रात्रीत सेंद्रिय होता येत नाही. श्रीलंकेने एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात बंद केली; भाताचे उत्पादन कोसळले, तांदूळ आयात करावा लागला आणि काही महिन्यांतच निर्णय मागे घ्यावा लागला. डाळवर्गीय पिकांची फेरपालट, शेणखत, मिश्रपीक यांना हंगामांमागून हंगाम द्यावे लागतात.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली ती गावरान बियाणे जपण्यासाठी. भात, नाचणी, वाल-घेवडा, पालेभाज्या, वेलभाज्या यांचे वाण त्यांनी राखले आणि घरोघरी परसबागांसाठी वाटले. पोषणाच्या दृष्टीने त्यांच्या कामातला परसबागेचा भाग सगळ्यात मोलाचा. सांडपाण्यावर वाढलेला घेवडा, भोपळा, शेवगा आणि अळू यांतून एका अंगणात तीन-चार गट उभे राहतात. रासायनिक औषध विकत आणून परसात मारायला सहसा कोणी जात नाही, त्यामुळे ती भाजी वेगळ्या प्रमाणपत्राशिवायही बरीचशी सेंद्रियच असते.

शहरात अंगण नाही, पण आठवडी बाजार आहे. हुलगे, मटकी, चवळी, जवस, कारळे तिथे अजून मिळतात आणि सुक्यामेव्याच्या तुलनेत स्वस्त असतात. जवसाची किंवा शेंगदाण्याची चटणी मोठा चमचाभर घेतली की तेलबियांचा गट भरतो. सरकारी दवाखान्यांत रक्तक्षयाच्या रुग्णाला ‘जेवण व्यवस्थित घेता का?’ असे विचारले जाते आणि उत्तर ‘हो’ येते. ते खरेच असते. त्याऐवजी ‘काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्ले?’ असे विचारायला दोन मिनिटे जास्त लागतात. भाजी कोणती होती, हेही विचारावे. बऱ्याचदा ती बटाट्याची निघते.