गिलाव्याचा तुकडा आणि जेआरएफ

अजिंठ्याची लेणी अजिंठा गावात नाहीत. ते गाव सिल्लोड तालुक्यात. लेणी सोयगाव तालुक्यात, लेणापूरजवळ, वाघूर नदीच्या वळणावर. सोयगावच्या मुलीने रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं की घरचे विचारतात, बी.एड. की कंपनी? तिसरी वाट मटेरियल सायन्सच्या प्रयोगशाळेत जाते, आणि तिथले काही प्रश्न तिच्याच तालुक्यातल्या भिंतींवर आहेत.

1920च्या सुमारास निजाम सरकारने अजिंठ्याच्या चित्रांसाठी इटलीहून तज्ज्ञ बोलावले. सुटू लागलेला रंग त्यांनी बसवला, पण वरून दिलेलं लाखेचं व्हर्निश पुढे पिवळं पडलं आणि चित्रं काळवंडली. मूळ रंगाला धक्का न लावता तो थर उतरवायचा, तर कोणता द्रावक आणि किती वेळ, हे रसायनतज्ज्ञच ठरवू शकतो. पुरातत्त्व सर्वेक्षणाची विज्ञान शाखा हे काम करत आली आहे.

याच शाखेतले माजी रसायनतज्ज्ञ राजदेव सिंग आणि मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांचा वेरूळच्या गिलाव्यावरचा निबंध 2016 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. मातीच्या गिलाव्यातले तंतू वेगळे काढून त्यांनी ते इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिले, इन्फ्रारेड स्पेक्ट्रम घेतला आणि आजच्या झाडांच्या नमुन्यांशी ताडून पाहिला. निघाली भांग! वेरूळचा गिलावा किडीपासून वाचण्यामागे तीच असावी, अजिंठ्यात ती न वापरल्याने तिथे किडीने नुकसान केलं, असं त्यांचं म्हणणं.

एक रसायनतज्ज्ञ, एक वनस्पतिशास्त्रज्ञ, काही यंत्रं. अशा कामाला हात लागतात ते संशोधक विद्यार्थ्यांचे.

अशा संशोधनात शिरण्याचा भरवशाचा रस्ता म्हणजे सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षा. तीतून जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मिळाली की 1 जानेवारी 2023पासूनच्या दराने महिन्याला 37,000 रुपये, दोन वर्षांनंतर आढावा होऊन एसआरएफ (सिनिअर रिसर्च फेलोशिप) झाल्यावर 42,000; घरभाडे भत्ता वेगळा. फेलोशिप स्वतःची असल्याने गाईड निवडायला वाव राहतो. दुसरा रस्ता प्रोजेक्टच्या जागांचा. प्राध्यापकाला एखाद्या प्रकल्पासाठी निधी मिळतो, जाहिरात निघते, मुलाखत होते. या जागा प्रकल्पापुरत्याच असतात. निधी संपला की जागा संपते. तरीही एक्स-रे डिफ्रॅक्शनसारख्या यंत्रावर हात बसवायला याहून चांगली संधी नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अशा जागा निघत असतात, विद्यापीठांतही निघतात.

या जाहिराती बहुधा संस्थेच्या वेबसाइटवरच लागतात आणि मुदत थोडी असते. तालुक्याच्या कॉलेजातल्या प्राध्यापकांनी त्या दर आठवड्याला नोटीस बोर्डवर लावल्या, तर केवळ माहिती न पोचल्याने होणारं नुकसान टळेल. रुजू होण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: प्रकल्पाची किती वर्षं उरली आहेत, पीएच.डी.ची नोंदणी करता येईल का, आणि घरभाडे भत्ता मिळणार का. मुलाखतीत एम.एस्सी.च्या प्रोजेक्टबद्दल विचारतातच. तिथे यंत्राचं नाव सांगून भागत नाही. सॅम्पल कसं तयार केलं आणि आलेखातलं कोणतं शिखर कशाचं, हे सांगता यायला हवं.