मुळावरची गाठ कोणाच्या हुकमाने?

सेनगावच्या शिवारात पेरणीला महिना झाला, की वाफशावर सोयाबीनचं एखादं झाड कुदळीने मातीसकट उकरून पाहावं. मुळावर गोल गाठी लगडलेल्या दिसतात. नखाने फोडली आणि आत गुलाबी निघाली, तर ती हवेतलं नत्र धरतेय. हिरवट-राखाडी निघाली, तर तिच्यात राम नाही.

मूग, उडीद, तूर इथली जुनीच. त्यांच्या गाठी आपसूक येत, म्हणून कोणी बघत नसे. ज्वारी-कापसाच्या रानात सोयाबीन शिरलं ते अलीकडे. त्याचे जिवाणू आपल्या मातीतले नव्हेत, म्हणून जिवाणू संवर्धकाची पाकिटं आली. दहा किलो बियाण्याला पाव किलो, गुळाच्या पाण्यात कालवून, हलक्या हाताने. जोरात चोळलं की साल निघते. बुरशीनाशक आधी, जिवाणू शेवटी, आणि बी सावलीत सुकवायचं. या क्रमाची उलटापालट आजही सर्रास होते.

जिवाणूंना मान मिळाला 1888मध्ये. जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी गाठी आणि नत्राचं नातं दाखवलं, हॉलंडमध्ये बायरिंकने जिवाणू वेगळा काढला. पुढची कित्येक वर्षं सगळं श्रेय त्यालाच. 1936मध्ये केनेथ थिमन यांनी गाठीच्या घडणीत ऑक्झिन या झाडाच्या संप्रेरकाचा हात असावा असं मांडलं, पण पुरावा जमायला अर्धशतक लागलं. 1989मध्ये ऑक्झिनची वाट अडवणारी रसायनं दिल्यावर लसूणघासाच्या मुळावर जिवाणूंशिवायच गाठीसारखे फुगवटे आले. 2007मध्ये डेन्मार्कमधल्या गटाने तर कमालच केली: लोटस या शेंगावर्गीय प्रजातीच्या रोपात सायटोकायनिन हे दुसरं संप्रेरक ओळखणारा एकच ग्राहक कायम चालू राहील असा बदल सापडला, आणि गाठी आपोआप उगवल्या. जिवाणू फक्त दार वाजवतो. पेशी विभागायचा हुकूम झाडाच्या संप्रेरकांचा.

आवरतंही झाडच. लसूणघासाच्या भावकीतल्या मेडिकॅगोचं, इथिलीन हे संप्रेरक न ओळखणारं रोप 1997मध्ये मिळालं. त्यात जिवाणूंचा शिरकाव दसपटीहून वाढला. सोयाबीनने मात्र इथे दगा दिला: 1999च्या प्रयोगात इथिलीनची संवेदना घालवूनही गाठींत फरक पडला नाही. एका शेंगावर्गीय पिकाचा निष्कर्ष दुसऱ्याला डोळे झाकून लावू नये, हे तेव्हा कळलं.

त्याआधी 1985मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरात शास्त्रज्ञ ग्रेशॉफ आणि सहकाऱ्यांनी सोयाबीनच्या ब्रॅग वाणातून गाठींनी अक्षरशः मढलेली रोपं काढली होती. ब्रॅग म्हणजे आपल्याकडेही सुरुवातीला आलेलं वाण. आवर घालणारा जनुक पुढे 2003मध्ये सापडला; त्याचं काम पानांत, परिणाम मुळांवर. एवढ्या गाठी, पण उत्पादन वाढलं नाही, मुळं खुरटली. गाठीला साखर पुरवावी लागते, आणि ती झाडाच्या खिशातून जाते.

परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत सोयाबीनला हेक्टरी 30 किलोच नत्र आहे, तेही पेरतानाच. प्रत्यक्षात पिवळेपणा दिसला की युरियाची मूठ टाकली जाते, खरं तर तो बऱ्याचदा लोहाच्या कमतरतेचा असतो. मुळाशी नत्र आयतं मिळालं की झाड नव्या गाठींना परवानगी देत नाही. दुकानातून संजीवकाची बाटली आणायच्या आधी एक झाड उकरून, गाठी फोडून पाहायला पाच मिनिटं पुरतात.